गुळगुळीत झाली, सरळ झाली नाही

डिचोलीतल्या आमच्या घराची पश्चिमेकडची भिंत दर पावसाळ्यात पाणी पिते. भिंत चिऱ्याची, वर गिलावा, त्यावर दर दोन वर्षांनी रंग, आणि तरी आषाढ अर्धा झाला की आतून बुरशीचे नकाशे उमटतात. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आमच्या वाट्याचा बराचसा वाऱ्याबरोबर आडवा येतो. रंग त्याला किती अडवणार? पूर्वी अशा भिंतीला मे महिन्यात विणलेली चुडतं, म्हणजे माडाच्या झावळ्या, बांधायचे. ती विणणारे हात आता सापडत नाहीत. म्हणून ठरलं, की भिंतीला बाहेरून लाकडी फळ्यांचं आवरण करायचं. फळ्या आडव्या, प्रत्येकीच्या एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला खाच. एकीची जीभ वरच्या फळीच्या खाचेत शिरते आणि मधून पाणी आत जायला वाट राहत नाही. जुन्या घरांतल्या तक्तपोशीत, म्हणजे लाकडी छतात, असा सांधा पाहिलेला असतो. मेस्त, म्हणजे आमच्याकडचे सुतार, त्याला सरळ ‘टंग-ग्रूव्ह’ म्हणतात.

भिंत १८ फूट लांब, ८ फूट उंच. हिशेबाने १० फुटी ५० फळ्या लागणार होत्या. सागाच्या फळ्या घेतल्या आणि ज्या सॉ मिलमध्ये घेतल्या तिथेच सांगितलं, की रंधून द्या. मार्चच्या एका दुपारी टेम्पो आला. फळ्या अशा गुळगुळीत, की हात फिरवतच राहावा. मी खूश. मेस्तांनी एक फळी उचलली, एक टोक जमिनीला टेकवलं, दुसरं डोळ्याजवळ आणलं, बंदुकीचा नेम धरावा तसा एक डोळा मिटला, आणि फळी माझ्या हातात दिली. “भाई, आदीं फळी पळय, मागीर मशीन लाय.” आधी फळी बघ, मग मशीन लाव.

मी पाहिलं. फळी कोयत्यासारखी वाकलेली होती.

हा लेख त्या वाक्याबद्दल आहे. मशीनमधून गेलेली फळी सरळच असणार, असा आपला सरसकट समज असतो. गुळगुळीत आणि सरळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या कामांनी मिळतात.

आधी वाकडेपणाचे प्रकार पाहू, कारण सगळे सारखे त्रासदायक नसतात. फळी टेबलावर आडवी ठेवली आणि मध्ये धनुष्यासारखी उचलली गेली, तर तो पाटाचा बाक. रुंदीत पन्हाळीसारखी झाली, तर तिने वाटी धरली. चारातला एक कोपरा टेकतच नसेल, तर पीळ. आणि फळी पाटावर सपाट बसते पण तिची कड सरळ रेषेत नाही, कोयत्यासारखी वळते, तो कडेचा बाक. टंग-ग्रूव्हच्या कामात खरा शत्रू हा चौथा. पाटाचा बाक भिंतीवर ठोकताना दाबून बसतो. पाऊण इंची फळी त्या दिशेने सहज लवते. थोडा पीळही ओढून घेता येतो. वाटी मात्र रंधताना काढावी लागते, नाहीतर जीभ तिरकी होते. पण कडेचा बाक म्हणजे फळीच्या सगळ्यात ताठ दिशेशी झुंज. जाडी तीच ठेवली, तर कडेच्या दिशेने वाकवायला लागणारा जोर रुंदीच्या घनाने वाढतो. म्हणजे ४ इंची फळी ओढून बसवायला जेवढा जोर लागतो, त्याच्या जवळपास साडेतीन पट जोर ६ इंचीला लागतो. रुंद फळ्या दिसायला भारी वाटतात म्हणून मी ६ इंच म्हणत होतो. मेस्तांनी ४ वर आणलं. त्यांनी घन वगैरे काही सांगितलं नाही, “रुंद फळी ऐकत नाही” एवढंच म्हणाले.

फळी मुळात वाकतेच का? लाकूड वाळताना आक्रसतं, पण सगळीकडे सारखं नाही. लांबीच्या दिशेने ते जवळजवळ हलत नाही. मात्र खोडाच्या अगदी गाभ्याजवळचं लाकूड, झाड कोवळं असताना बनलेलं, लांबीतही थोडं जास्त आक्रसतं. फळीची एक कड गाभ्याकडची आणि दुसरी बाहेरची असेल, तर एक कड दुसरीपेक्षा किंचित आखूड होते आणि फळी तिकडे वळते. लागवडीतल्या कमी वयाच्या सागात हे जास्त दिसतं, कारण त्या खोडात गाभ्याजवळचा भागच जास्त असतो. शिवाय वाढत्या झाडात ताण साठलेले असतात. करवतीने फळी उभी चिरली, की ते मोकळे होतात. सरळ दिसणारी फळी चिरता चिरता दोन बाजूंना फाकते, ते यामुळेच.

घरच्या कुळागरातला, म्हणजे बागायतीतला, फणस वापरायचा मोह मलाही झाला होता. पिवळं, घट्ट, सुंदर लाकूड. पण फणसाच्या नसा आलटून पालटून उलट दिशेने जातात, त्यामुळे रंधताना टवके उडतात, आणि दहा फूट सरळ फळी निघेल असं खोड आमच्याकडे नव्हतं. शिवाय गोव्यात झाड घरचं असलं तरी १९८४च्या वृक्षसंरक्षण कायद्याने तोडायला परवानगी लागते. तो विषय तिथेच सोडला.

आता सॉ मिलमध्ये काय झालं ते. थिकनेसर नावाचं मशीन फळी दोन रुळांखाली दाबून पुढे ओढतं आणि वरून फिरती पाती तिला तासतात. वाकलेली प्लास्टिकची पट्टी टेबलावर तळव्याने दाबून धरा, वरून घासकागद फिरवा आणि हात काढा. पट्टी पुन्हा वर येईल, फक्त थोडी पातळ आणि चकचकीत होऊन. थिकनेसर नेमकं हेच करतं. त्याचं काम जाडी सारखी करणं. खालची बाजू जशी असेल तिची तो वरच्या बाजूवर नक्कल करतो. कडेला तर तो हातही लावत नाही. जीभ आणि खाच पाडणारी मशीनंही नक्कलच करतात: फळी ज्या फेन्सला, म्हणजे मशीनवरच्या सरळ आधारपट्टीला, टेकून सरकते, तिच्याशी समांतर खाच पडते. वाकडी कड आखूड फेन्सवरून सरकवली, तर पाती बाकाच्या मागोमाग जातात आणि दहा फूट वाकडी, पण अगदी एकसारखी खाच मिळते.

म्हणून पहिलं काम एकच: नक्कल करण्याजोगी एक खरी सरळ कड बनवणं. बाकी सगळं त्या कडेवरून.

त्याआधी एक फुकटची युक्ती आहे आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात मोलाची तीच. बाक लांबीच्या वर्गाने वाढतो. १० फुटी फळीला मध्यावर ८ मिमी बाक असेल आणि तिचे दोन सारखे तुकडे केले, तर प्रत्येक तुकड्याचा बाक ४ मिमी होईल असं वाटतं. प्रत्यक्षात तो २ मिमी उरतो, म्हणजे चौथा हिस्सा. ६ फुटी तुकड्यात ३ मिमीच्या आत येतो. आमच्या भिंतीवर फळ्या ठोकायच्या उभ्या पट्ट्या दर दोन फुटांवर होत्या, आणि फळीचा शेवट पट्टीवर आला म्हणजे झालं. तेव्हा ४, ६, ८, १० यांतली कुठलीही लांबी चालत होती. मग अख्खा एक दिवस फक्त फळ्या पाहण्यात घालवला. सरळ त्या १० फुटी ठेवल्या, मध्यम वाकड्या ६ आणि ४ मध्ये कापल्या. एका फळीत बाक सगळीकडे नव्हता, एका गाठीपाशी एकदम मोडल्यासारखी होती. ती तिथेच कापली आणि दोन जवळपास सरळ तुकडे निघाले. मशीन सुरू होण्याआधीच निम्मं काम झालं होतं. सांधे मात्र एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत, वीटकामात देत नाहीत तसेच.

उरलेल्या लांब फळ्यांची कड सरळ करायला सरळ काहीतरी लागतंच. जुने लोक रंगात भिजवलेलं सूत फळीवर ताणून टिचकी मारत; ताणलेलं सूत वाकडं होऊ शकत नाही. त्या रेषेपर्यंत रंध्याने उतरवायचं. दोन-चार फळ्यांना ही पद्धत आजही उत्तम. आम्ही १२ फुटी अॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप घेतला. तोही सरळच असेल असं धरायचं नाही. प्लायवर ठेवून त्याच्या कडेने बारीक पेन्सिलीने रेघ ओढली, मग पाइप उलटा फिरवून तीच कड त्याच रेघेला लावली आणि पुन्हा ओढली. दोन रेघांत मध्ये फट पडली, तर पाइप वाकडा, आणि फट त्याच्या खऱ्या बाकाच्या दुप्पट दिसते, त्यामुळे डोळ्याला लगेच कळते. दुकानातल्या तिसऱ्या पाइपने परीक्षा पास केली. दुकानदार माझ्याकडे कोणत्या नजरेने पाहत होता ते सांगत नाही.

पाइप फळीवर शिकंजांनी आवळायचा आणि त्याला टेकवून हातातली सर्क्युलर सॉ चालवायची. बाकाची पोकळ बाजू कापायला घेतली, तर दोन्ही टोकांचं लाकूड जातं आणि मधलं राहतं. फुगीर बाजू घेतली, तर मधलं जातं. लाकूड दोन्हीकडे सारखंच वाया जातं. पण रंधा मशीनवर कड सरळ करायची असेल, तर पोकळ बाजूच खाली हवी. तेव्हा फळी दोन टोकांवर टेकते. फुगीर बाजू खाली ठेवली, तर ती घोड्याच्या खेळण्यासारखी डुलते आणि तुम्ही सरळ करताय असं वाटताना नवा बाक तयार होतो. या मशीनचं टेबल आखूड असेल, तर त्यावर लांब फळी सरळ होत नाही. टेबलाच्या दुप्पट लांबीपर्यंत कसंबसं निभतं, त्यापुढे पाइपच बरा.

एक कड सरळ झाली, की ती टेबल सॉच्या फेन्सला लावून दुसरी कड समांतर चिरायची. इथे घाई करून शेवटचं माप घ्यायचं नाही. चिरल्यावर आतला ताण मोकळा होतो आणि फळी पुन्हा थोडी वळते. आम्ही अर्धा सेंटिमीटर जास्तीची रुंदी ठेवून फळ्या पडवीत मध्ये पट्ट्या घालून आठवडाभर रचल्या. आठवड्यानंतर पाइप लावून पाहिला, तर पाचात एक फळी एक-एक सूत वळलेली. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिमी. मेस्त मिलिमीटरमध्ये ऐकतात आणि सुतात उत्तर देतात.) पुन्हा हलकी सरळ केली, मग थिकनेसरवर दोन्ही बाजूंनी आळीपाळीने थोडं थोडं काढत ८ सुताची म्हणजे १ इंची फळी ६ सुतावर आणली. सगळं लाकूड एकाच बाजूने काढलं, तर ती फळी नव्याने वाटी धरते.

लाकूड किती जातं हे आधी कळलेलं बरं. कच्ची फळी ५ इंच, म्हणजे १२७ मिमी. पहिली कड सरळ करताना ६ गेले, दुसरी चिरताना करवतीचे ३, आठवड्यानंतरच्या दुरुस्तीला ४, जीभेचे ९. भिंतीवर दिसणारे १०२ उरले आणि ३ मिमी चुका करायला. जाडीतही पाव इंच गेला. १० फुटी कच्ची फळी ०.३५ घनफूट भरते, त्यातलं भिंतीवर दिसतं ते ०.२१. बाकीचा भुसा. सॉ मिलवाला घनफुटाने पैसे घेतो तेव्हा भुशाचेही घेतो, एवढं लक्षात ठेवून ऑर्डर द्यावी.

जीभ आणि खाच पाडणं त्या मानाने सोपं. ६ सुती फळीला जीभ साधारण जाडीच्या तिसऱ्या हिश्शाची, ६ मिमी, लांबी ९. खाच १ मिमी जास्त खोल, म्हणजे जीभ तळाला टेकत नाही आणि दर्शनी कडा नीट मिळतात. सगळ्यात आधी प्रत्येक फळीची चांगली बाजू ठरवून पेन्सिलीने खूण केली. खाच पाडताना आणि जीभ पाडतानाही ती खुणेची बाजूच फेन्सकडे. एखादी फळी अर्धा मिमी जाड निघाली, तर तो फरक मागे भिंतीकडे जातो, समोर पायरी दिसत नाही. आधी सगळ्या खाचा, मग टाकाऊ तुकड्यावर जीभ बसवून पाहत माप जुळवलं आणि मग सगळ्या जिभा. हाताने दाबल्यावर सरकली पाहिजे, हातोडा लागला तर घट्ट. पावसाळ्यात ती सुटायची नाही.

लांब फळीचा धोका मध्यावर असतो. दोन्ही टोकं हवेत लोंबत असतील, तर फळी पात्यावरून नकळत उचलली जाते आणि तिथे खाच उथळ पडते. पुढे-मागे टेबलाच्याच उंचीचे रुळाचे स्टँड ठेवले, आणि फळी फेन्सला दाबून धरायला लाकडाचा कंगवा केला: एका फळकुटाच्या टोकाला तिरके, जवळ जवळ दात कापलेले, ते स्प्रिंगसारखे दाबतात आणि फळी मागेही येऊ देत नाहीत. पाऊण तासात होतो. शेवटचा वीतभर भाग ढकलायला काठी वापरायची, बोटं नाहीत. हातमोजे तर फिरत्या पात्याजवळ अजिबात नाहीत, ते हातासकट ओढले जातात. सागात सिलिका असते, तिने साधी पाती दोन दिवसांत बोथट झाली. कार्बाइडची घ्या. आणि मास्क लावा. सागाच्या भुशाने मला मानेवर पुरळ उठलं, ते पंधरा दिवस राहिलं.

आता पावसाचा हिशेब. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, आणि त्याप्रमाणे रुंदीत फुगतं, आक्रसतं. कोरड्या महिन्यांतल्या आपल्या हवेत ते साधारण ११-१२ टक्के ओलीवर स्थिरावतं, भर पावसात १८ च्या आसपास जातं. फळीत ओल किती आहे ते स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कळतं: तुकडा तोलायचा, १०० ते १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवायचा, पुन्हा तोलायचा. आधी २३० ग्रॅम आणि नंतर २०० भरला, तर गेलेलं पाणी ३०; भागिले कोरडं वजन २००; म्हणजे १५ टक्के. आमचा तुकडा साडेबारावर आला. (ओव्हनमधून दिवसभर सागाचा वास येत होता. घरात त्यावर झालेली चर्चा वगळतो.)

साग ओलीच्या दर टक्क्याला रुंदीत सुमारे ०.२ टक्के हलतो, फळी खोडाच्या वर्तुळांना स्पर्शून चिरलेली असेल तर. वर्तुळांना आडवी चिरलेली असेल तर त्याच्या साधारण निम्मं. १०० मिमी फळी आणि ६ टक्के फरक धरला, तर १.२ मिमी. क्षुल्लक वाटतं. पण आमच्या भिंतीवर एकावर एक २४ ओळी होत्या. १.२ गुणिले २४ म्हणजे २९ मिमी, इंचाहून जास्त. फळ्या मार्चात एकमेकींना गच्च ठोकल्या असत्या, तर जुलैत तो इंच कुठेतरी बाहेर पडलाच असता: मधल्या ओळी पोट काढून भिंतीपासून सुटल्या असत्या. तेल किंवा रंग लावल्याने हा वेग कमी होतो, फुगणं थांबत नाही.

म्हणून प्रत्येक ओळीत फट. बँकेचं जुनं एटीएम कार्ड ०.७६ मिमी जाड असतं. दोन कार्डं मिळून दीड मिमी. एक जोड टेकवायची, वरची फळी बसवायची, स्क्रू मारायचा, कार्डं काढायची. फट दिसू नये म्हणून दर्शनी कडांना बारीक उतार दिला, दोन फळ्या मिळतात तिथे व्ही आकाराची सावलीची रेघ पडते आणि डोळा ती फट म्हणून धरत नाही. जिभेला बसवण्याआधीच तेल पाजलं. नाहीतर डिसेंबरात फळ्या आक्रसल्या, की प्रत्येक सांध्यात कोऱ्या लाकडाची फिकट रेघ डोकावते.

बसवताना जीभ वर, खाच खाली. उलट केलं, तर खाच म्हणजे पाणी साठायची पन्हाळ. स्क्रू जिभेच्या मुळाशी तिरका, आधी भोक पाडून, आणि प्रत्येक पट्टीवर फळीला एकच, म्हणजे वरची कड धरलेली आणि खालची हलायला मोकळी. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. साध्या लोखंडाचा गंज आणि लाकडातलं टॅनिन एकत्र आलं, की काळे ओघळ येतात, ते रंधल्याशिवाय जात नाहीत. समुद्राला लागून घर असेल, तर ३१६ ग्रेड मागा. पट्ट्यांमुळे फळी आणि भिंत यांत पाऊण इंच हवेची जागा राहते. ती खाली आणि वर उघडी ठेवली, तोंडाला जाळी लावली. उरलेला एखाद-दुसरा सूत बाक बसवताना निघाला: खाच असलेला फुटभर तुकडा जिभेवर ठेवायचा, म्हणजे जीभ चेचत नाही, पट्टीत पटाशी रोवायची आणि तिच्या टेकूने फळी खाली दाबायची. मी दाबायचो, मेस्त स्क्रू मारायचे. दोन फळ्या तरीही ऐकेनात. त्या तशाच उतरवल्या, कापून ४ फुटी केल्या आणि खिडकीच्या बाजूला बसवल्या.

काम संपलं तेव्हा मे लागला होता आणि शेजारी पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, मिरच्या वाळत होत्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला. चवथीच्या चार दिवस आधी, पाऊस थोडा उघडला असताना, मी शिडी लावून मधल्या एका सांध्यात कार्डं घालून पाहिली. दोन तर सोडाच, एकही जाईना. खालच्या ओळीत एक अर्धं गेलं. हात फळीवर दाबून पाहिला, कुठेही पोट नव्हतं. जानेवारीत पुन्हा शिडी लावली. दोन्ही कार्डं गेली, आणि एक आत पडलं. ते अजून भिंतीतच आहे.